न धुतलेला हात

दौलूमामांचा चेहरा आठवायला गेलं की आधी त्यांचं टक्कलच डोळ्यांसमोर येतं. त्याला कारण आहे. सकाळ-संध्याकाळ ते आमच्या पेठेतल्या दूध कट्ट्यावर म्हशीच्या कुशीला डोकं टेकवून बसलेले असायचे. गुडघ्यांत बादली, कानावर बिडी, आणि आम्ही गिऱ्हाइकं ताज्या दुधाच्या पेल्यासाठी पुढ्यात उभी. वरून दिसायचं ते टक्कल. धार काढता काढता मामा सगळ्या जगाशी बोलायचे, पण वर बघायचे नाहीत. वर बघितलं की म्हैस बिथरते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं निम्म्या पेठेला ते आवाजावरून ओळखायचे आणि उरलेल्या निम्म्या पेठेला पायांवरून.

पायांवरून म्हणजे अगदी पायांवरूनच. कुणाची टाच आतून झिजते, कुणाचा अंगठा वर उचलला जातो, कुणाला सकाळी बायको बोलली आहे, हे सगळं त्यांना गुडघ्याखालच्या उंचीवरून कळायचं. एकदा मी नवीन चप्पल घालून गेलो. मामा म्हणाले, "चप्पल नवी हाय, पण चालणं जुनंच हाय की, शेक्रेटरी." मी हायस्कुलात चित्रकला शिकवतो. माणूस बघायला मुलांना शिकवणं हा माझा धंदा, पण मामांसमोर उभं राहिलं की आपण काहीच बघत नाही असं वाटायचं आणि थोडा रागही यायचा.

मला ते सेक्रेटरी म्हणायचे, कारण आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा मी सेक्रेटरी होतो. माझं अक्षर चांगलं आणि माझ्याकडं स्कूटर, या दोन गुणांवर माझी बिनविरोध निवड झालेली. स्कूटर लागायची ती मामांसाठी. मामांना सायकलसुद्धा येत नव्हती.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्या पावण्याला सांगून समजत नाही. प्रत्येक पेठेची तालीम, तालमीत पूर्वी कुस्ती, आता निम्म्या हौद्यात माती आणि निम्म्यात बुटांचे खोके. हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. तेवढ्या दिवसांत पेठापेठांत भांडणं होतात, घोषणा होतात, मोबाईलवर एकमेकांची आई-बहीण निघते, आणि मग स्टेडियमचं गेट बंद होतं. लोकांना वाटतं, संपलं. मामांचं खरं तेव्हा सुरू व्हायचं. कारण गेट बंद झालं की खेळाडू मोकळा. पुढच्या नोंदणीच्या दिवसापर्यंत त्यानं कुणाकडं जायचं ते त्याचं तो ठरवणार. एकदा नोंदणी झाली की वर्षभर बांधलेला. या मधल्या पावसाळ्यात कोण कुणाचा गडी फोडतो, कुठला बिल्डर कुठल्या संघाच्या पाठीशी उभा राहतो, कुठल्या खेड्यात कुठलं पोरगं डाव्या पायानं मारतंय, यावर पुढचा हंगाम ठरतो.

मामांनी आयुष्यात एकही मॅच शेवटपर्यंत बघितली नाही. मॅच चारला, म्हशी पाचला. पहिला हाफ झाला की धोतर झटकून ते उठायचे. आमचा संघ हरत असो की जिंकत असो, मामा गेटबाहेर. पण पाऊस लागला की हाच माणूस माझ्या स्कूटरवर मागं बसून अख्खा जिल्हा फिरायचा. चिखलातलं कुठलंही मैदान दिसलं की म्हणायचे, थांबव. आणि मैदानाच्या कडेला उकिडवे बसायचे. उभं राहून खेळ बघतात ते प्रेक्षक, असं त्यांचं मत.

आमच्या तालमीचं बजेट म्हणजे गणपतीच्या वर्गणीतनं मांडव आणि बँड जाऊन उरेल ते. खालच्या पेठेची गोष्ट वेगळी. तिथं मानधन, बूट, राहायला खोली, वर कारखान्यात चिकटवून देण्याची भाषा. आमच्याकडं फक्त मामा होते. एका पावसाळ्यात बेळगावकडचा एक नामी सेंटर फॉरवर्ड आमच्याकडं यायला तयार झाला. कमिटी नाचायला लागली. त्याला कट्ट्यावर दूध प्यायला आणलं, गप्पा झाल्या, तो गेला, आणि मामा धार न थांबवता म्हणाले, न्हाय घ्यायचा. गटार ओलांडताना त्यानं उजव्या पायावर भार टाकला नव्हता म्हणे. कमिटीतले चौघे माझ्यावरच खवळले, जणू गटार मी खणलं होतं. पुढं खालच्या पेठेनं त्याला वाजतगाजत नेला आणि हंगामाच्या मध्यावर तो गुडघ्याला पट्टा बांधून कडेला बसला. आमची पोरं हसली. मामा हसले नाहीत. ते रोज त्याच्या खोलीवर दुधाची किटली पाठवायचे.

आता त्या डबीबद्दल सांगायला पाहिजे.

कट्ट्याच्या भिंतीत एक देवळी होती, तिथं मामांची पितळी डबी. डबीत भंडारा, म्हणजे देवाची हळद. आमच्या भागात भंडारा उचलून दिलेला शब्द हा शेवटचा शब्द. निवडणुकीत मतांचा, भावकीत बांधाचा, सगळा निकाल भंडाऱ्यावर. मामा खेळाडू ठरवायचे ते भंडाऱ्यावरच. खेळाडूनं चिमूट उजव्या तळहातावर घ्यायची आणि म्हणायचं, ही तालीम सोडून दुसऱ्याची जर्सी अंगात घालणार नाही. बस, एवढंच. करार नाही, सही नाही. कबनूरचा सलीम आमचा गोलकीपर होता, दिवसभर यंत्रमागावर उभा राहून संध्याकाळी सरावाला यायचा. त्याच्यासाठी मामांनी तालमीतल्या मोहरमच्या पंजापुढची उदाची राख वेगळ्या पुडीत ठेवली होती. एका वर्षी पुण्यात शिकायला आलेला आफ्रिकेतला सॅम्युअल आमच्याकडं खेळला. मामांनी मला विचारलं, ह्येच्या देवाचं काय हाय काय जवळ? सॅम्युअलनं गळ्यातला क्रॉस बाहेर काढला. मामांनी तो त्याच्या तळहातावर ठेवायला लावला आणि आपली मराठी वाक्यं त्याच्याकडून एक एक शब्द म्हणवून घेतली. तो इतक्या गंभीरपणे म्हणत होता की आम्हाला हसता येईना.

पण मामांची खरी रीत होती ती हंगामाच्या शेवटी. गेट बंद झाल्यावर पहिल्या संध्याकाळी सगळ्या खेळाडूंना कट्ट्यावर बोलवायचं. एकेकानं उजवा हात पुढं करायचा. मामा बादलीतल्या ताज्या दुधाची धार त्या तळहातावर सोडायचे आणि म्हणायचे, "मोकळा." मग उरलेला पेला त्यानं प्यायचा. त्यानंतर तो खालच्या पेठेत जाऊ दे नाहीतर परदेशात, मामांचा काही राग नसायचा. "बांधलंय त्येनंच सोडायचं," असं ते म्हणायचे. "न्हाय सोडलं तर माणसात आन् म्हशीत फरक काय ऱ्हायला?" सॅम्युअलच्या हातावर दूध ओतलं तेव्हा त्यानं मला अर्थ विचारला. मी म्हटलं, यू आर फ्री. तो म्हणाला, मी आधीपासूनच फ्री आहे. मामांनी विचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, आभार मानतोय. तो दुधाची मिशी घेऊन हसत होता. त्या दिवशीचा कट्टा मला फार आवडायचा. पेठेत वर्षभर जी चिडाचिडी चालते, ती त्या एका संध्याकाळी धुऊन निघाल्यासारखी वाटायची.

सागर आमच्याकडं आला तो पायांवरूनच. संध्याकाळची वेळ, रांगेत कॉलेजची दहा-बारा पोरं. मामा धार काढता काढता एकदम थांबले. त्यांनी धार मध्येच थांबवलेली मी पहिल्यांदा बघत होतो. म्हशीच्या पोटाखालून त्यांनी विचारलं, "ह्ये कुणाचं पाय?"

 मग एक सावळा, किडकिडीत मुलगा कसनुसा म्हणाला, "माझं हायती. का वो?" हाफ पँट, साध्या स्लिपर, डाव्या पोटरीवर मोटरसायकलच्या सायलेन्सरनं भाजल्याचा तपकिरी डाग. एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाच्या अंगठ्यानं तो डाग खाजवायची त्याला सवय होती. हेच मामांनी हेरलं होतं. बोलताना, हसताना, पेला हातात घेताना तो एका पायावर उभा असायचा आणि जरासुद्धा डुलायचा नाही. तो नेसरीचा. वडलांची पिठाची गिरणी, इथं कॉट बेसिसवर राहून बी. ए. करत होता. फुटबॉल गावात खेळला होता, तोही गोल पोस्टच्या जागी दगड ठेवून. मामा उठले, हात धोतराला पुसले आणि देवळीतली डबी काढली. त्याला अजून चेंडूही दाखवला नव्हता.

पुढचा हंगाम सागरचा. किती गोल केले ते मी सांगत नाही, कारण पेठेत प्रत्येकाचा आकडा वेगळा आहे. पण खालच्या पेठेला त्यानं शेवटच्या मिनिटाला एका पायावर गिरकी घेऊन जो गोल घातला, तेव्हा माझ्या शेजारी उभे असलेले तालमीचे वयस्कर अध्यक्ष पत्र्यावर डोकं आपटून घेत रडत होते. त्या दिवशी मामा पहिल्या हाफनंतर उठले, गेटपर्यंत गेले आणि तिथंच थांबले. म्हशी अर्धा तास हंबरत राहिल्या. आणि आणखी एक बदल मी बघितला. सागर कट्ट्यावर आला की मामा मान वर करायचे. बाकी कुणासाठी नाही, फक्त त्याच्यासाठी. म्हैस बिथरायची नाही. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, मामा, म्हशीलाही फुटबॉल कळायला लागला काय? ते नुसते हसले. मामा त्याच्यावर जीव टाकत होते, दुसरा शब्द नाही.

हंगाम संपला. पहिल्या संध्याकाळी सगळे हात पुढं आले. सलीम मोकळा झाला, बाकीचे झाले. सागरनं हात पुढं केला तेव्हा मामा म्हणाले, "तुजं ऱ्हाऊ दे. तू कुटं जाणार हाईस?" सगळे हसले. सागरही हसला, कोरडा हात पँटला पुसला आणि पेला घेतला. तेव्हा ते कुणाला काहीच वाटलं नाही. मलाही नाही.

पावसाळ्यात सागरला खालच्या पेठेचा निरोप गेला. नोकरी, कारखान्यात, कायमची. बी. ए. झालेल्या, गिरणीत भावाबरोबर वाटा असलेल्या मुलाला याहून मोठी गोष्ट काय? लपवून गेला असता तर पेठेला शिव्या द्यायला सोपं झालं असतं. पण तो सरळ कट्ट्यावर आला. रांगेत उभा राहिला, नंबर आल्यावर उजवा हात पुढं केला आणि म्हणाला, "मामा, तेवढं हातावर घाला की. न धुता जायला नगं वाटतंय."

मामांनी वर बघितलं नाही. म्हणाले, "आज म्हशीनं दूध चोरलंय. उद्या ये."

दूध चोरलं म्हणजे म्हशीनं पान्हा आखडला, पण बादली तर फेसानं भरली होती. रांगेतल्या सगळ्यांना दिसत होती. सागरनं एकदा बादलीकडं बघितलं, एकदा मामांच्या टकलाकडं, आणि 'बरं' म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी आला. म्हशीनं परत दूध चोरलेलं. असं होत राहिलं. मामांचा हिशेब सरळ होता. नोंदणीचा दिवस निघून जाईपर्यंत दूध चोरायचं. न धुतलेल्या हातानं पोरगं दुसऱ्याची जर्सी घालणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तसं त्याला कुणी बांधून घातलं नव्हतं. पण मामांनी पायांवरून माणूस ओळखला होता आणि आता त्या ओळखीचाच दावं म्हणून वापर चालला होता. मला ते आवडत नव्हतं. स्कूटरवर मी दोनदा विषय काढला, तर मामा मागून म्हणाले, गाडी बघून चालव.

तेवढ्यात पेठेला वास लागला. पोरांच्या मोबाईलवर स्टेटस झळकले. भंडारा मोडणारा, मीठ विसरलेला, काय काय. मामांनी एका शब्दानं थांबवलं असतं तर थांबलं असतं, पण ते गप्प राहिले. सागर दिवाळीला गावी गेला. नोंदणीच्या आदल्या दिवशी पहाटे तो नेसरीहून मोटरसायकलवर निघाला. उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती, मागं दिवा नाही, धुकं होतं. गडहिंग्लजला पोचायच्या आतच सगळं संपलं.

बातमी आली तेव्हा सकाळची धार चालली होती. कुणीतरी रांगेतूनच मोबाईलवर बघून सांगितलं. मामांचे हात थांबले नाहीत. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग दिसलं, की बादली भरून वाहत होती आणि धार चालूच होती.

पेठेनं आपला निकाल लावला. भंडारा भोवला, म्हणाली पेठ. न धुता जायला निघाला आणि देवानं वाटेतच गाठला. स्टेटस टाकणाऱ्या पोरांनी ते पुसून टाकले आणि त्यांच्याच तोंडून आता हे चालू झालं, मान हलवत, हळू आवाजात. मला त्या माना मुरगाळाव्या असं वाटायचं. पण त्याहून वाईट म्हणजे ही गोष्ट गडी-माणसांबरोबर, एसटीबरोबर नेसरीपर्यंत पोचली. सागरच्या घरी लोक समाचाराला येऊन तेच कुजबुजायचे म्हणे. शब्द मोडलेलं पोरगं.

महिन्याभरानं मामा एका दुपारी माझ्याकडं आले. म्हणाले, नेसरीला जायचं हाय. मी काही न विचारता स्कूटर काढली.  गडहिंग्लज मागं पडलं, तशी त्यांनी माझ्या खांद्यावरची पकड घट्ट केली.

गिरणी बंद होती. सागरचे वडील ओट्यावर बसले होते. बारीक अंगाचा, केसांत अजून पीठ असल्यासारखा दिसणारा माणूस. आत भिंतीवर कुणाकुणाचे फोटो होते, सागरचा नव्हता. मामा त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसले. वर बसा म्हटलं तरी उठले नाहीत. मग मी ऐकलं ते असं. मामांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, की पोरानं काही मोडलं नाही. हात सोडवून घ्यायला तो रोज येत होता, आणि मीच सोडत नव्हतो. बादली भरलेली असताना म्हशीनं दूध चोरलं म्हणत होतो. दोष लावायचा तर मला लावा, आणि पोराचा फोटो भिंतीवर लावा.

 आतून भांड्याचा आवाज आला आणि थांबला. मग वडील म्हणाले, "मला ठावं हाय, पर लोकांची तोंडं कोण धरणार. त्या दिवशी निघताना मला सांगून गेलता. सकाळच्या धारंला मामांच्याकडं पोचतो म्हणला. आज सोडत्यात बघा म्हणला, शेवटचा दिस हाय, मामा एवढं कडू न्हाईत. हात धुऊन घेतो आन् मग तिकडं जातो." मग त्यांनी मामांकडं बघून विचारलं, "सोडला असता न्हवं तुमी, त्या दिशी?"

मामा म्हणाले, "व्हय."

वडलांनी डोळे पुसले आणि चहा ठेवायला सांगितलं. आम्ही निघताना ते भिंतीत खिळा ठोकायला हातोडी शोधत होते. एवढं काम झालं, म्हणून मला थोडं हलकं वाटत होतं. गावाबाहेर आल्यावर मामांनी गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेला उकिडवे बसले, जसे मैदानाच्या कडेला बसायचे तसे. म्हणाले, "खोटं बोललो, शेक्रेटरी. त्या दिशी बी सोडणार नव्हतो."  मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्याबद्दल तितकंच वाईटही वाटत होतं. समोर रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक चालल्या होत्या.

त्यानंतर मामा पावसाळ्यात कुठं गेले नाहीत. कमिटी हातापाया पडली. मामा म्हणाले, "माज्याकडं एक बांधल्यालं हाय अजून. त्ये सुटल्याबिगर दुसरं बांदता येत न्हाय." मग कमिटीनंही जमाना ओळखला. आता वकिलाकडून करार करून घेतात, ट्रॅकसूटवर प्रायोजकाचं नाव असतं, खेळाडू व्हिडिओ पाठवतात आणि आम्ही मोबाईलवर बघून ठरवतो. वाईट चाललंय असं नाही. फक्त गेट बंद झाल्यावरच्या पहिल्या संध्याकाळी कट्ट्यावर कुणी येत नाही.

मामांच्यात झालेला फरक माझ्या उशिरा लक्षात आला. ते धार काढताना बोलेनासे झाले होते. पेला द्यायचा तो हात वर न करता, गुडघ्याच्या उंचीवर पुढं धरायचे. गिऱ्हाइकाला वाकून घ्यायला लागायचा. आणि मधूनच रांगेकडं, खाली जमिनीकडं, बघत राहायचे. एकदा मी जवळ गेलो, तर ते हलक्या आवाजात मला म्हणाले, की तो येतो. रांगेत उभा असतो. एका पायानं पोटरी खाजवत असतो. मी म्हटलं, मामा, दुसऱ्या कुणाचे तरी पाय असतील. ते म्हणाले, पाय मला शिकवतोस व्हय? मग वर का बघत नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, वर बघितलं आन् तोंड दिसलं तर काय करू? आणि न्हाय दिसलं तर काय करू? त्यांच्या हातातून धार तशीच चालली होती. मी त्या दिवशी दूध न पिताच घरी आलो.

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण तेव्हापासून मीही रांगेत उभा राहिलो की समोर बघतो, पायांकडं बघत नाही.

मामा आता नाहीत. हात थरथरायला लागले तेव्हा लेकीनं त्यांना हुपरीला नेलं. तिच्या घरी पैंजणं करायचं काम चालतं, तिथं कोपऱ्यात बसून असायचे म्हणे, आणि तिथंच एक दिवस संपले. मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच्या आधी, म्हशी विकल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी. हंगाम नुकताच संपला होता. पेठेतली बरीच माणसं शेवटचं दूध प्यायला आली होती. सगळ्यांना देऊन झालं, तरी मामा उठले नाहीत. शेवटच्या म्हशीखाली बसूनच त्यांनी मला हाक मारली आणि देवळीतली डबी मागितली. मी डबी घेऊन त्यांच्या पाठीशी जाऊन उभा राहिलो. माणसं आपोआप मागं सरकली. त्यांच्या समोरची फरशी रिकामी होती.

मामांनी डबीतली चिमूट घेतली आणि समोर टाकली. मग पेला भरून घेतला, गुडघ्याच्या उंचीवर पुढं धरला आणि म्हणाले, "हात फुडं कर, लेकरा." थोडं थांबले. मग पेला हळूहळू कलता केला. दूध फरशीवर पडलं, हळदीत मिसळलं आणि पिवळट होऊन गटाराकडं निघालं. पेला रिकामा होईपर्यंत पेठेतलं कुणीही हललं नाही.

"मोकळा," मामा म्हणाले. "चुकलो. जा आता. मोकळा हाईस."

त्यांनी कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवलं. पाठ हलत होती. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बऱ्याच वेळानं त्यांनी डोकं तसंच ठेवून विचारलं, "शेक्रेटरी, गेला काय त्यो?"

मी म्हणालो, "गेला, मामा."

त्यांनी डोळे उघडले. समोरच्या ओल्या फरशीकडं ते बघत राहिले, खाली, गुडघ्याच्या उंचीला. आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मग ह्ये कुणाचं पाय?"

मी खाली बघितलं नाही.